वर म्हणजे कुठे

रस्ताच हलला, असे मित्सू म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यापायी तिची सफरचंदांची बाग पणाला लागली होती.

गोष्ट नोव्हेंबरातली. देशाच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला, त्सुगारूच्या सपाटीवर, पहिल्या बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. मित्सू ओसानाई बागेतून घरी निघाली आणि पाव तासाच्या वाटेला तीन तास लागले. शेजाऱ्यांना सापडली तेव्हा ती कालव्याच्या काठी, आपल्या छोट्या ट्रकमध्ये दिवे लावून ताठ बसलेली होती. परक्या स्टेशनावर उशिराच्या गाडीची वाट पाहावी तशी. "मी चुकले नाही," ती म्हणाली. "रस्ताच हलला." शेजाऱ्याने ही गंमत म्हणून क्योतोला फोन करून तिच्या मुलीला सांगितली. चिकागेला गंमत वाटली नाही. रुग्णालयातल्या वृद्धांच्या विभागात परिचारिका म्हणून तिची बावीस वर्षे गेली होती, आणि हललेले रस्ते, पळवलेली घरे, बदललेले नवरे ती रोजच्या रोज ऐकत आली होती.

जानेवारीत तिने आईला क्योतोत, फुशिमीतल्या आपल्या घरी आणले. हिवाळ्यापुरती, असे म्हणून. पण खोलीत नवा पलंग होता, न्हाणीघराच्या भिंतीला धरायची दांडी बसवलेली होती, आणि खणात बाग शेजाऱ्याला कसायला देण्याचा कागद होता. त्यावर सहीच्या जागी फक्त मित्सूचा शिक्का उमटायचा राहिला होता.

मार्च उजाडला. तिकडे आता बर्फ घट्ट झाले असेल. त्यावर उभे राहून उंच फांद्यांना हात घालायचे, छाटणीचे हेच दिवस. मित्सूला सत्याहत्तरावे चालू होते. कामाने दुखणारे हात तिच्या ओळखीचे होते. पण रिकामे राहून हात दुखतात हे तिला या हिवाळ्यात प्रथमच कळले. ती रोज घरी परतण्याचा एकच विषय काढू लागली, आणि अखेर एका संध्याकाळी चिकागेने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"एकटी जाऊन दाखव," ती म्हणाली. "सावाबाईंकडे. दुपारी दोनच्या आत त्यांच्या दारात. वाटेत कुणालाही विचार, पण मला फोन करायचा नाही, आणि तुझ्यासाठी मला फोन करायची पाळी दुसऱ्या कुणावर येऊ द्यायची नाही. जमलं तर तिकीट काढते. नाही जमलं तर कागदावर शिक्का."

"आणि तू मागून चोरून यायचं नाहीस."

"माझी ड्यूटी आहे गं आई. मला कुठला एवढा वेळ?"

सावा हिरोबे ही जुन्या विणकर वस्तीतली विधवा. तिला मित्सूने कधी पाहिले नव्हते. तीस वर्षांमागे सफरचंदांच्या एका पेटीच्या तळाशी मित्सूने सहज चिठ्ठी टाकली होती. तिला उत्तर आले, आणि तेव्हापासून दर शरदात एक पेटी दक्षिणेला जाई, एक पत्र उत्तरेला येई. दोघींनी एकमेकींचे नवरे त्या पत्रांतूनच पाहिले, आणि त्या पत्रांतूनच शेवटचे पोचवले.

गुरुवारी सकाळी मिसो सूपच्या वाफेपलीकडून चिकागेच्या सूचना सुरू झाल्या.

"जिन्यावर धावायचं नाही. गाडी गेली तर जाऊ दे, मागून दुसरी येतेच. फलाटावर कडेला जाऊ नकोस. जमीन हलली तर काचेखाली थांबायचं नाही, पिशवी डोक्यावर धरायची. आणि सायकलवाले इथे फुटपाथवरूनच येतात—"

"आणि श्वास घ्यायचा तो तुला विचारून घ्यायचा, की आपला आपण घेऊ?"

"हे गळ्यात घाल." चिकागेने दोरीला अडकवलेले कार्ड पुढे केले. नाव, वय, मुलीचा फोन.

"हरवलेलं कुत्रं समजून कुणी दूध पाजेल मला."

"पाजलं तर पी. आता ऐक. भुयारी गाडीतून उतरलीस की तेरानोउचीचा रस्ता धर, सरळ पश्चिमेला. मोठा होरिकावा रस्ता ओलांड. मग ओमियाचा चौक येईल. तिथून वर. वर म्हणजे—"

"वर म्हणजे वर!" मित्सूने कार्ड कोटाच्या आत ढकलले. "तीस वर्षं तो पत्ता मी माझ्या हाताने पेट्यांवर लिहितेय. 'ओमिया, तेरानोउचीच्या वर.' मला काय शिकवतेस? आणि त्या दुसऱ्या 'वर'चं बोलावणं अजून आलेलं नाही."

चिकागेला हसू फुटले, आणि त्या हसण्यात उरलेले वाक्य राहूनच गेले.

शहर मित्सूला भ्यायला लावील, असे चिकागेला वाटत असावे. पण भुयाराच्या उजेडात उभी असताना मित्सूला भीती शिवली नाही. गर्दी ही तिला फुलांच्या मोसमातल्या मधमाश्यांसारखी वाटली. तिच्या वाटेत आडवे गेले नाही की ती कुणाचे काही बिघडवत नाही. एक गाडी डोळ्यांदेखत दार मिटून निघून गेली. मित्सूने तिला जाऊ दिले. पुढच्या गाडीत एका बाईने उठून जागा दिली, ती तिने दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतली, आणि मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून ती स्टेशने मोजू लागली. समोरच्या काचेत तिचा चेहरा अंधारावर टेकला होता. तो म्हातारा होता, हरवलेला नव्हता.

बाहेर आली तेव्हा पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता. उत्तरेचे डोंगर ढगाने पुसून टाकले होते आणि त्या पुसण्याचेच थोडे पाणी शहरावर झिरपत होते. तिने छत्री उघडली. तेरानोउचीचा रस्ता अरुंद आणि मुका होता. देवळांच्या लांब भिंती, भिंतींवरून बाहेर डोकावणाऱ्या कॅमेलिया. होरिकावा रस्त्याच्या रुंद पात्रापाशी ती हिरव्या दिव्याची वाट पाहत थांबली. दिवा हिरवा झाला तरी उजवीकडे-डावीकडे बघून मगच तिने पाऊल टाकले, कारण दिव्याला डोळे नसतात. ओमियाच्या चौकात पोचली तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. पस्तीस मिनिटे हातात आणि उरले ते फक्त 'वर'.

ती डावीकडे वळली.

इतक्या सहज वळली, की आपण काही ठरवले हेही तिला जाणवले नाही. तिच्या गावात 'वर' हा शब्द नदीने दिलेला होता. इवाकी नदी दक्षिणेच्या डोंगरांत जन्मते आणि उत्तरेच्या समुद्राला मिळते. म्हणून वरचे शेत म्हणजे दक्षिणेचे शेत, वरची सून म्हणजे दक्षिणेच्या वाडीतून आणलेली सून. चोपन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन मित्सू या नदीकाठी आली, तेव्हा सासूने तिला चुलीआधी हेच शिकवले होते. तीस शरद ती पेट्यांवर 'वर' लिहीत आली आणि दर वेळी तिच्या मनातले सावाबाईंचे घर त्या चौकाच्या दक्षिणेला उभे राहिले.

ते घर आता येईना. लाकडी गजांच्या खिडक्या आल्या, बंद पडलेले रंगाऱ्याचे दुकान आले, पण हिरोबे नावाची पाटी आली नाही. उजव्या हाताला टोफूचे दुकान लागले. आत एक बाई कोपरापर्यंत पाण्यात हात बुडवून पांढरे ठोकळे कापत होती.

"हिरोबेंचं घर कुठं आलं हो, ताई?"

"विणकर हिरोबे? सावाबाई?" हात पाण्यात असल्यामुळे बाईने हनुवटीने दाखवले, आणि हनुवटीला दिशा नसते. "वर, वर. दाराशी मागाचा जुना धोटा टांगलाय बघा. गेलात की दिसेलच."

"वरच निघालेय," मित्सू समाधानाने म्हणाली, आणि आणखी दक्षिणेला चालू लागली.

मोठा रस्ता आडवा आला. तो चिकागेच्या सांगण्यात नव्हता. मित्सूने तो ओलांडला, पलीकडे शंभर पावले चालली आणि थांबली. एक वाजून चाळीस मिनिटे. रस्ता तोच होता, नाव तेच होते, तिने एकही वळण घेतलेले नव्हते. आणि तरीही घर नव्हते. तिला नोव्हेंबर आठवला. कालव्याच्या काठचा तो ट्रक, काचेवर साचत गेलेला पांढरा अंधार, आणि आतून उगवलेली ती खात्री, की आपले सगळे बरोबर आहे आणि जगच जागचे सुटले आहे. तेच वाक्य आता पुन्हा जिभेच्या टोकाशी येऊन बसले होते. तिने ओठ घट्ट मिटले. ते वाक्य बाहेर पडले, तर बाग गेली.

"आजी, कुणाला शोधताय का?"

सायकल हाताने ढकलत एक पोलीस समोर उभा होता. पन्नाशी उलटलेला, टोपीवर प्लॅस्टिक चढवलेला. छातीवरच्या पट्टीवर उकाई असे नाव होते.

"आजी कुणाची? तुझ्याच कानांवर पांढरं आलंय की."

तो हसला, पण बोललेले त्याला अर्धेच कळले होते. त्सुगारूची बोली क्योतोच्या कानाला लवकर लागत नाही. "बरं, ताई. एवढ्या पावसात एकट्याच? मघापासून बघतोय, तुम्ही इथेच थांबलाय." त्याची नजर कोटातून डोकावणाऱ्या दोरीवर गेली. "कार्ड आहे वाटतं? बघू? ...हा नंबर मुलीचा ना? एक फोन लावतो, म्हणजे काळजी मिटली."

"नको!"

ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की पलीकडच्या दारातली मांजर आत पळाली. आपले ओरडणेच आपल्याविरुद्ध साक्ष देत आहे, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. तो मऊ झाला. चिकागे अशीच मऊ होत असे.

"बरं, बरं. नाही लावत. आज वार कोणता, सांगाल का? आपलं सहज."

"गुरुवार. आणि सहज नाही विचारत तू. माझी पोरगीही असंच सहज विचारते."

"कुठे जायचंय?"

"ओमिया, तेरानोउचीच्या वर."

"मग इथे कशा?"

"वरच तर चाललेय!"

"नाही हो. तुम्ही खाली चाललाय."

"हे खाली? ही दक्षिण नाही का?"

"दक्षिणच की. म्हणजे खालीच."

"दक्षिण म्हणजे वर!" मित्सूने छत्रीचा दांडा जमिनीवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला. "आमच्याकडे नदी उत्तरेला वाहते."

"नदी उत्तरेला वाहते," उकाईने हळुवारपणे तिचे शब्द परत केले, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसे. आणि त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

मित्सूने मान खाली घातली. रडू आले असते तर ते त्याला दिसू नये म्हणून. रस्त्याच्या कडेच्या उथळ पन्हळीतून पावसाचे पाणी वाहत होते, बोटभर, स्वच्छ. त्यावर कॅमेलियाची एक लाल पाकळी तरंगत आली, तिच्या बुटाशी क्षणभर रेंगाळली आणि पुढे निघून गेली. मित्सू ज्या दिशेला चालली होती, त्याच दिशेला. मित्सू तिच्याकडे पाहत राहिली. चौकापासून ही पन्हळ तिच्या सोबतीने आली होती, आणि सगळी वाट पाणी तिच्याबरोबर चालत होते.

पाणी सोबतीला असेल, तर ते वर जाणे नव्हेच. वर जाणाऱ्याला पाणी सामोरे येते.

तिला एकदम इतके हलके वाटले, की तिने उकाईची बाही धरली.

"थांब. फोन ठेव आणि हे पाणी बघ. कुठून येतंय?"

"उत्तरेकडून. डोंगरांकडून."

"म्हणून तुमचं 'वर' उत्तरेला! आमचे डोंगर दक्षिणेला रे. समुद्र उत्तरेला. पाणी दक्षिणेकडून येतं, म्हणून आमचं 'वर' दक्षिणेला. त्सुगारूची आहे मी. आमच्याकडचा दूध पिता पोरगासुद्धा हीच चूक करील, आणि तुमच्याकडचा माणूस आमच्याकडे आला तर हीच चूक उलट्या दिशेने करील."

उकाईने पाण्याकडे पाहिले. मग उत्तरेच्या ढगांकडे. मग नकाशा मनात उभा करून, ओठ हलवत, त्याने समुद्र शोधला. "त्सुगारू," तो म्हणाला. "समुद्र... उत्तरेलाच की हो." त्याचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. "भूगोलात मी तीनदा नापास झालो होतो. बरं, मग सांगा. आता कशा जाल?"

"पाण्याच्या उलट. हा मोठा रस्ता, हिरव्या दिव्याला. टोफूवाली येताना उजवीकडे होती, आता डावीकडे येईल. मग तेरानोउचीचा चौक, तो ओलांडून पुढे. दाराशी धोटा."

"सोबत येऊ?"

"आलास तर तुझी सायकल हरवेल. दोनला किती कमी?"

"नऊ मिनिटं."

"आणि मला बोलण्यात गुंतवून ठेवलंस!"

"धावू नका हं, आजी!" तो मागून ओरडला. या वेळी तिने ते चालवून घेतले.

मोठ्या रस्त्यापाशी दिवा लाल होता. दोन्ही बाजूंना एकही गाडी नव्हती. पलीकडे जायला वीस पावले, आणि सौद्याची मिनिटे एकेक करून संपत होती. मित्सू थांबली. पावसात, रिकाम्या रस्त्यासमोर, बाग पणाला लागलेली असतानाही. दिवा हिरवा झाला, तिने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले आणि मगच निघाली. कडेचे पाणी आता समोरून येत होते आणि प्रत्येक पावलागणिक तिला सांगत होते, की तू बरोबर आहेस.

धोटा लहान होता, हातांनी झिजून मधासारखा झालेला. दार अर्धे उघडे होते. उंबऱ्याआतल्या चौथऱ्यावर गुडघ्यांवर पांघरूण घेऊन एक एवढीशी म्हातारी बसली होती.

"मित्सूबाई?" ती म्हणाली. "अगं बाई. मला तुम्ही उंच वाटला होतात. अक्षर केवढं उंच आहे तुमचं."

"मला तुम्ही जाड वाटला होतात. दर वर्षी अख्खी पेटी संपवता म्हणून लिहिता."

दोघी हसल्या, आणि सावाबाईंनी गुडघ्यांवरचे पांघरूण आवरून घेतले, कारण तीस वर्षांना बसायला जागा हवी होती. भिंतीवरचे घड्याळ दोन वाजून आठ मिनिटे दाखवत होते. सावाबाईंनी मित्सूच्या नजरेचा माग घेतला.

"ते होय? ते पुढेच असतं. चिकागेला मी सांगते, दोनला पाच कमी असताना आल्या म्हणून."

"ते खोटं होईल."

"क्योतोत याला खोटं म्हणत नाहीत हो. शिष्टाचार म्हणतात."

मित्सू ओल्या कोटातच, दारातल्या मातीच्या फरशीवर उभी होती. फक्त होकार द्यायचा होता. आठ मिनिटे, एवढ्यात तर एक फांदीही नीट छाटून होत नाही. पण पन्हळीतले पाणी पाहून जे हलके झाले होते, ते एका होकाराने पुन्हा जड होणार होते.

"फोन द्या," ती म्हणाली.

पहिल्याच घंटीला चिकागेचा आवाज आला. "आई?"

"पोचले. दोन वाजून आठ मिनिटं. आणि ऐक. मी चुकले."

पलीकडे औषधांच्या ढकलगाडीची चाके वाजत होती. ती थांबली.

"काय म्हणालीस?"

"चुकले म्हटलं. भलतीकडेच गेले चौकातून. चांगलं पाऊण किलोमीटर. शिवाय एका पोलिसाने हटकलं, तो तुला फोन करणार होता."

"कशी चुकलीस?" चिकागेने परिचारिकेच्या आवाजात विचारले. मित्सूने सांगितले: नदी, डोंगर, सासू, तीस वर्षांच्या पेट्या. "माझं 'वर' उलटं होतं," ती म्हणाली. "पेट्या नीट पोचत होत्या, कारण त्या तुमच्या पोस्टमनच्या डोक्याने जात होत्या. आज माझ्या डोक्याने गेले."

"मग कुणी सांगितलं, उलटं आहे म्हणून?"

"पोलीस सांगत होता, पण पटत नव्हतं. पाण्याने पटवलं. माझ्याबरोबरच चाललं होतं ते."

मग आवाज आला तो लेकीचा होता.

"आई, बावीस वर्षं झाली मला या वॉर्डात. 'मी चुकले' असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. इथे रस्ते हलतात, घरं हलतात. माणसं कधीच चुकत नाहीत."

"पण हरले ना मी? आठ मिनिटांनी. सौदा तो सौदा."

"सौदा मी ठरवला, मीच मोडते. तो कागद मी फाडते घरी गेले की. छाटणी कधीपर्यंत चालते?"

"बर्फ आहे तोवर. एप्रिल लागेपर्यंत."

"शनिवारची गाडी बघते. पण एक. ट्रक चालवायचा नाही."

"बर्फात नाही चालवणार."

"कधीच नाही."

"बर्फात नाही चालवणार म्हटलं ना."

"आई!"

"सावाबाई थांबल्यात गं, चहा निवतोय," मित्सू म्हणाली, आणि तिने फोन परत दिला. चहा अजून टाकलाही नव्हता. मग तिने वाकून ओले बूट काढले, त्यांची टोके दाराकडे करून शेजारी शेजारी नीट लावले, आणि सावाबाईंच्या हाताचा आधार न घेता चौथऱ्यावर चढली.